समजून घ्या : शाळेचं मैदान ते प्रो कबड्डीचा कर्णधार, हा रस्ता नेमका कसा असतो?

१ मार्च २०२४ रोजी हैदराबादमध्ये पुणेरी पलटणनं हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवलं आणि प्रो कबड्डी लीगचा चषक पहिल्यांदा पुण्याकडे आला. चषक उचलणारा कर्णधार होता अस्लम इनामदार, श्रीरामपूर तालुक्यातल्या टाकळीभानचा मुलगा. दहाव्या हंगामातला सर्वात मौल्यवान खेळाडूही तोच ठरला. त्याआधी पाच महिन्यांपूर्वी, ७ ऑक्टोबर २०२३ रोजी, चीनमधल्या हांगझोऊ आशियाई क्रीडा स्पर्धेत इराणला ३३-२९ असं हरवून सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघातही तो होता.

अहिल्यानगर जिल्ह्यात कबड्डी खेळणाऱ्या मुलांची कमतरता नाही. जवळपास प्रत्येक शाळेचा संघ असतो, यात्रा-जत्रांना आणि गणेशोत्सवात सामने रंगतात. मग यातली बहुतेक मुलं विसाव्या वर्षाच्या आत खेळ का सोडतात? आणि जी टिकतात, ती कशामुळे टिकतात? शाळेच्या संघापासून व्यावसायिक संघापर्यंतच्या पायऱ्या कोणत्या, पैसा कुठून सुरू होतो आणि मुलं नेमकी कुठे गळतात, हे समजून घेऊ.

आधी अमेरिकेकडे पाहू : क्वार्टरबॅक म्हणजे कोण?

शालेय खेळाडू ते व्यावसायिक खेळाडू हा रस्ता जगात सर्वात आखीव कुठे असेल, तर तो अमेरिकन फुटबॉलमध्ये. या खेळात प्रत्येक संघाचे ११ खेळाडू मैदानात असतात आणि आक्रमणाची सूत्रं एकाच्या हातात असतात. तो क्वार्टरबॅक. जवळपास प्रत्येक चालीत चेंडू आधी त्याच्या हातात येतो. समोरून धिप्पाड बचावपटू अंगावर धावून येत असताना दोन-तीन सेकंदांत त्याला ठरवावं लागतं : चेंडू कुणाकडे फेकायचा, शेजारच्याच्या हातात द्यायचा की स्वतःच घेऊन पळायचं.

त्याचा रस्ता असा असतो. हायस्कूलच्या संघात तीन-चार वर्षं. तिथली कामगिरी पाहून कॉलेजचे प्रशिक्षक घरी येतात, शिष्यवृत्ती देतात. कॉलेजात राहणं, जेवण, शिक्षण, व्यायामशाळा, डॉक्टर असं सगळं कॉलेजच्या खर्चानं. हायस्कूल संपल्यावर किमान तीन वर्षं झाल्याशिवाय एनएफएल या व्यावसायिक लीगचे दरवाजे उघडत नाहीत. त्यानंतर 'ड्राफ्ट' होतो. ३२ संघ सात फेऱ्यांमध्ये खेळाडू निवडतात आणि आदल्या हंगामात सर्वात मागे राहिलेल्या संघाला साधारणपणे आधी निवडीची संधी मिळते.

हायस्कूलमध्ये हा खेळ खेळणारी मुलं दहा लाखांच्या आसपास, आणि लीगमध्ये संघ फक्त ३२. म्हणजे तिथेही गळती प्रचंड आहे. निवडणाऱ्यांचे अंदाजही चुकतात. सात वेळा विजेतेपद मिळवणारा टॉम ब्रेडी २००० च्या ड्राफ्टमध्ये १९९ वा निवडला गेला होता. २०२२ मध्ये ब्रॉक पर्डी हा सगळ्यात शेवटचा, २६२ वा खेळाडू होता. दोन वर्षांत तो सॅन फ्रान्सिस्कोच्या संघाला अंतिम सामन्यापर्यंत घेऊन गेला.

पण या व्यवस्थेतली महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. १८ ते २२ या वयात मुलगा कमवत नाही, तरी त्याच्या जेवणाचा, सरावाचा आणि उपचाराचा खर्च कुणीतरी उचललेला असतो. जुलै २०२१ पासून तर कॉलेजच्या खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिराती करून पैसे मिळवायचीही मुभा आहे. शाळा आणि लीग यांच्यामध्ये तिथे पूल आहे. आपल्याकडे अनेक वर्षं तिथे नुसती दरी होती.

आपला क्वार्टरबॅक : चढाईपटू

कबड्डीत क्वार्टरबॅकच्या सर्वात जवळचा कुणी असेल, तर तो मुख्य चढाईपटू. त्याच्याकडे ३० सेकंद असतात आणि समोर जास्तीत जास्त सात बचावपटू. कोपरारक्षकाचा पाय पुढे आहे की मागे, साखळी किती आत आली आहे, मध्यरक्षक धडक मारायच्या तयारीत आहे का, हे त्याला एका नजरेत वाचावं लागतं. समोर सहा किंवा जास्त बचावपटू असतील तर बोनस मिळू शकतो. तीन किंवा कमी असतील आणि पकडला गेला, तर ती 'अव्वल पकड' ठरते आणि प्रतिस्पर्ध्याला दोन गुण जातात. प्रो कबड्डीत लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी 'करो या मरो' असते. तिच्यात गुण आला नाही तर चढाईपटू बाद.

तो कर्णधारही असेल तर पुढची चढाई कुणाची, रिव्ह्यू घ्यायचा का, शेवटच्या दोन मिनिटांत वेळ काढायचा की लोण द्यायला जायचं, हेही त्यालाच ठरवायचं असतं. अस्लम तर चढाईबरोबर बचावातही गुण मिळवतो. उंची, लांब हात आणि धावत येऊन हातानं गडी टिपण्याची सवय ही त्याची ओळख. पण पलटणनं त्याला कर्णधार केलं ते डोकं शांत ठेवून खेळ वाचण्याच्या गुणामुळे.

पहिल्या पायऱ्या : शाळा, तालुका, जिल्हा

गावातल्या मुलासमोर दोन समांतर रस्ते असतात. अनेक पालकांना यातला फरक माहीत नसतो.

पहिला रस्ता शालेय स्पर्धांचा. राज्याचा क्रीडा विभाग १४, १७ आणि १९ वर्षांखालील अशा तीन गटांत या स्पर्धा घेतो. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य आणि मग राष्ट्रीय असा क्रम असतो. इथे नोंदणी शाळेमार्फत होते. वरच्या पातळीवर खेळल्यास दहावी-बारावीला वाढीव गुण मिळतात आणि पुढे शासकीय नोकरीतल्या ५ टक्के खेळाडू आरक्षणासाठी ठरावीक पातळीची प्रमाणपत्रं उपयोगी पडतात.

दुसरा रस्ता संघटनेचा. गावातलं मंडळ किंवा क्लब जिल्हा संघटनेकडे नोंदलेला असतो, जिल्हा संघटना महाराष्ट्र राज्य कबड्डी असोसिएशनशी जोडलेली असते. इथे किशोर, कुमार आणि वरिष्ठ असे गट असतात. किशोर गटाची मर्यादा १६ वर्षांची, कुमारची २० वर्षांची आणि वयासोबत वजनाचीही अट असते. जिल्हा निवड चाचणीत निवडलेला मुलगा राज्य स्पर्धेत जिल्ह्याकडून खेळतो आणि तिथून राज्याच्या संघात जातो. व्यावसायिक संघांचे निवडकर्ते प्रामुख्यानं याच रस्त्यावर उभे असतात.

म्हणून शाळेकडून चांगलं खेळणारा मुलगा एखाद्या नोंदणीकृत मंडळाकडून खेळत नसेल, तर तो अर्ध्याच नजरांना दिसतो.

यात एक तिसरी गोष्टही असते. गावोगावच्या निमंत्रित स्पर्धा. मातीवरचे, रात्री दिव्यांच्या उजेडात होणारे, रोख बक्षिसाचे सामने. गरीब घरातल्या मुलाला खेळातून पहिले पैसे इथेच मिळतात. तंत्रही इथेच घडतं, कारण समोर वयानं आणि वजनानं मोठे गडी असतात. मात्र लीग खेळली जाते मॅटवर, बूट घालून. मातीवर घसरत जाऊन निसटण्याची सवय मॅटवर चालत नाही. वळताना गुडघ्यावर येणारा ताणही वेगळा असतो. तालुक्याच्या ठिकाणी मॅट असणं-नसणं त्यामुळे फार मोठा फरक पाडतं.

खरी अडचण : सतरा ते बावीस

सतराव्या वर्षापर्यंत शाळा असते. बाविसाव्या वर्षी, नशीब चांगलं असेल तर, करार किंवा नोकरी असते. मधल्या पाच वर्षांचं काय?

श्रीरामपूर तालुक्यातल्याच दुसऱ्या एका खेळाडूच्या प्रवासातून हे नीट कळतं. झहीर खानचा जन्म ७ ऑक्टोबर १९७८ चा. शिक्षण श्रीरामपूरच्या के. जे. सोमय्या शाळेत. बारावीनंतर इंजिनीअरिंगचा रस्ता समोर होता, तो सोडून सतराव्या वर्षी तो वेगवान गोलंदाज व्हायला मुंबईला गेला. आपल्या जिल्ह्यात हा निर्णय किती अवघड असतो हे वेगळं सांगायला नको. इंजिनीअरिंगची जागा हातात असताना मुलाला क्रिकेट खेळायला पाठवणारे वडील आजही विरळाच.

मुंबईत त्याला माजी कसोटीपटू सुधीर नाईक यांनी आपल्या नॅशनल क्रिकेट क्लबमध्ये घडवलं. तिथून तो चेन्नईच्या एमआरएफ पेस फाउंडेशनमध्ये गेला. तिथे डेनिस लिली आणि टी. ए. शेखर यांच्यासारखे शिक्षक होते. मुंबईच्या मुख्य संघात जागा मिळणं कठीण होतं, म्हणून तो बडोद्याकडून रणजी खेळला. २०००-०१ च्या रणजी अंतिम सामन्यात बडोद्यानं रेल्वेला २१ धावांनी हरवलं, त्यात झहीर सामनावीर होता. त्याआधीच, ऑक्टोबर २००० मध्ये, नैरोबीत त्यानं भारताकडून पदार्पण केलं आणि बाविसाव्या वाढदिवशी ऑस्ट्रेलियाच्या स्टीव्ह वॉचा यॉर्करवर त्रिफळा उडवला. पुढे ९२ कसोटींत ३११ बळी आणि २०११ च्या विश्वचषकात २१ बळी, हा इतिहास सगळ्यांना माहीत आहे.

पण श्रीरामपूर सोडल्यापासून नैरोबीपर्यंतच्या मधल्या चार-पाच वर्षांकडे नीट पाहा. त्या काळात त्याला एक गुरू मिळाला, एक क्लब मिळाला, एक कंपनी चालवत असलेली अकादमी मिळाली आणि खेळायला दुसऱ्या राज्याचा संघ मिळाला. यातली एक जरी कडी तुटली असती, तरी कदाचित आज श्रीरामपुरात एक इंजिनीअर जास्त असता. चेंडूचा वेग त्याच्याकडे आधीपासून होता. त्या वेगाला वेळ मिळाला तो या चार जागांमुळे.

क्रिकेटमध्ये पैसा होता म्हणून अशा जागा तयार झाल्या. कबड्डीत त्या काळी यापैकी फारसं काही नव्हतं. चांगल्या खेळाडूसमोर एकच ध्येय असे : नोकरी. रेल्वे, सेनादल, पोलिस, भारत पेट्रोलियम, महिंद्रा, एअर इंडिया, बँका. खेळाडू म्हणून नोकरी लागली की आयुष्य मार्गी लागलं. पण नोकरी लागण्याआधीच्या वर्षांत खुराक, प्रवास आणि उपचार यांचा खर्च घरावरच पडायचा. ज्या घरात मुलाच्या मजुरीची गरज होती, त्या घरातला मुलगा तिथेच थांबायचा.

२०१४ नंतर काय बदललं?

२६ जुलै २०१४ रोजी आठ संघांची प्रो कबड्डी लीग सुरू झाली. पहिल्या लिलावात सर्वात महाग ठरलेल्या राकेश कुमारची किंमत होती १२ लाख ८० हजार. २०१७ मध्ये संघ बारा झाले. २०१८ मध्ये मोनू गोयत १ कोटी ५१ लाखांना गेला आणि कोटीची रेषा ओलांडली गेली. २०२३ च्या लिलावात पवन सेहरावतसाठी २ कोटी ६० लाख ५० हजारांची बोली लागली.

कोटींचे आकडे मथळ्यात येतात. पण गावातल्या मुलासाठी मोठा बदल मथळ्यात न येणारा आहे. संघांना आधी लीग न खेळलेले तरुण खेळाडू, म्हणजे 'न्यू यंग प्लेअर', लिलावाबाहेर थेट करारबद्ध करता येतात. त्यासाठी संघ निवड चाचण्या घेतात, राज्य आणि कुमार स्पर्धांना माणसं पाठवतात आणि निवडलेल्या मुलांना काही काळ सांभाळतात. पुणेरी पलटणनं 'युवा पलटण' नावानं अशा मुलांचा गटच बांधला. राहणं, खुराक, मॅटवरचा सराव, फिजिओ. अमेरिकेत जे काम कॉलेज करतं, त्याचा छोटा तुकडा इथे संघानं उचलला.

सरकारच्या बाजूनं खेलो इंडिया योजना आली. यात निवड झालेल्या खेळाडूमागे वर्षाला ६ लाख २८ हजार रुपयांची तरतूद आहे. त्यातले १ लाख २० हजार, म्हणजे महिन्याला १० हजार, थेट खेळाडूच्या हाती किरकोळ खर्चासाठी असतात. शेतमजुराच्या घरात महिन्याच्या या दहा हजारांचा अर्थ एवढाच की मुलानं यंदा कामाला जायची गरज नाही.

अस्लम या शिडीवर कसा चढला?

अस्लमच्या लहानपणीच वडील गेले. आईनं मोलमजुरी करून घर चालवलं आणि मुलांनीही मिळेल ती छोटी-मोठी कामं केली. मोठा भाऊ कबड्डी खेळायचा, त्याच्यामागे धाकटा मैदानात गेला. इथपर्यंतची गोष्ट जिल्ह्यातल्या शेकडो मुलांची असू शकते.

फरक पडला तो पुढे. तो पलटणच्या तरुण खेळाडूंच्या गटात आला आणि डिसेंबर २०२१ मध्ये आठव्या हंगामात त्याला लीगमध्ये संधी मिळाली. कोरोनामुळे तो हंगाम बंगळूरूत एकाच ठिकाणी, प्रेक्षकांविना झाला. अनुप कुमार तेव्हा पलटणचे प्रशिक्षक होते. संघाकडे राहुल चौधरी आणि नितीन तोमर ही मोठी नावं होती. पण हंगाम पुढे सरकला तसा चढाईचा भार अस्लम आणि मोहित गोयत या दोन नवख्यांच्या खांद्यावर आला. पलटणनं बाद फेरी गाठली. व्यावसायिक संघात नाव मोठं असून चालत नाही, गुण आणावे लागतात, हे नवख्यांच्या बाजूनंही खरं असतं.

नवव्या हंगामात पलटण अंतिम फेरीत पोचली. १७ डिसेंबर २०२२, मुंबई. समोर जयपूर पिंक पँथर्स. आणि दुखापतीमुळे अस्लम आणि मोहित दोघेही मैदानाबाहेर. पलटण २९-३३ अशी हरली. हंगामभर संघाला तिथपर्यंत आणायचं आणि शेवटचा सामना बाजूला बसून पाहायचा, हे कोणत्याही खेळाडूला सोसणं कठीण असतं.

२०२३ मध्ये तो परतला तो भारतीय संघात. जूनअखेरीस दक्षिण कोरियातल्या बुसानमध्ये आशियाई अजिंक्यपद, अंतिम सामन्यात इराणवर ४२-३२ असा विजय. ऑक्टोबरमध्ये हांगझोऊचं सुवर्ण. २०१८ मध्ये जकार्तात इराणकडून उपांत्य फेरीतच हरल्यानंतर भारतानं गमावलेलं सोनं तिथे परत मिळालं. त्या संघात महाराष्ट्राचे दोघे होते, अस्लम आणि नाशिकचा आकाश शिंदे. दोघेही पलटणचेच.

डिसेंबर २०२३ मध्ये दहावा हंगाम सुरू झाला तेव्हा प्रशिक्षक बी. सी. रमेश यांच्या संघाचा कर्णधार अस्लम होता. पलटण साखळीत ९६ गुणांसह अव्वल राहिली, उपांत्य सामन्यात पाटणा पायरेट्सला ३७-२१ असं हरवलं आणि मग चषक जिंकला. अंतिम सामन्यात निर्णायक चढाई पंकज मोहितेची होती, एकाच चढाईत चार गुण. कर्णधाराचं काम दर वेळी स्वतःच गुण आणणं नसतं.

त्याच मार्च महिन्यात वरिष्ठ राष्ट्रीय कबड्डी स्पर्धा नगरच्या वाडिया पार्कवर झाली. देशभरातले खेळाडू जिल्ह्याच्या मैदानावर आले. गावातल्या पोरांना टीव्हीवर दिसणारे गडी हाताच्या अंतरावरून पाहता आले.

आणि अस्लम एकटा राहिलेला नाही. २९ डिसेंबर २०२४ रोजी पुण्याच्या बालेवाडीत हरियाणा स्टीलर्सनं पाटणाला ३२-२३ असं हरवून पहिलं विजेतेपद मिळवलं. त्या सामन्यात सर्वाधिक ९ गुण मिळवणारा चढाईपटू शिवम पटारे हाही आपल्याच जिल्ह्याचा. एका जिल्ह्यातले दोन चढाईपटू लागोपाठच्या दोन विजेत्या संघांत असणं हा नुसता योगायोग मानता येणार नाही. पुढे गेलेल्या एका मुलामुळे निवडकर्त्यांची नजर त्या जिल्ह्याकडे वळते आणि मागच्या मुलांना रस्ता दिसतो.

लिलावाचं गणित सोप्या भाषेत

दहाव्या हंगामापासून प्रत्येक संघाला खेळाडूंवर खर्च करायला ५ कोटी रुपयांची मर्यादा आहे. संघात १८ ते २५ खेळाडू असतात. त्या हंगामाच्या लिलावात चार गट होते :

- अ गट : मूळ किंमत ३० लाख
- ब गट : २० लाख
- क गट : १३ लाख
- ड गट : ९ लाख

आता हिशेब करा. ५ कोटी भागिले २० खेळाडू, सरासरी २५ लाख. एका खेळाडूवर २ कोटी खर्च झाले तर उरलेल्या १९ जणांसाठी ३ कोटी उरतात, म्हणजे सरासरी सोळा लाखांच्या आत. कोटीची बातमी एकाची असते, बाकीचे बहुतेक खेळाडू मूळ किमतीच्या आसपास असतात. शिवाय हा करार हंगामाचा. पुढच्या हंगामात संघ खेळाडूला कायम ठेवेल किंवा सोडून देईल. सोडलेल्या खेळाडूवर दुसऱ्यानं बोली लावली तर तीच रक्कम देऊन त्याला परत घेण्याची मर्यादित सोयही जुन्या संघाकडे असते.

गावातल्या घरासाठी नऊ लाख ही मोठीच रक्कम आहे. पण ती पगार समजून आयुष्य आखता येत नाही. म्हणूनच लीग खेळणारे अनेक जण आजही रेल्वे, पोलिस किंवा सेनादलातली नोकरी हातची सोडत नाहीत. लीग आली म्हणून नोकरीचं महत्त्व संपलेलं नाही.

एका गुडघ्यावर उभा असलेला डोलारा

दहाव्या हंगामाच्या यशानंतर काय झालं, हेही पाहायला हवं. २०२४ च्या अकराव्या हंगामात अस्लमला गुडघ्याची दुखापत झाली, तो मधूनच बाहेर गेला आणि गतविजेती पलटण बाद फेरीही गाठू शकली नाही. २०२५ च्या बाराव्या हंगामात तो पुन्हा कर्णधार म्हणून उभा राहिला. पलटण अंतिम फेरीत गेली आणि ३१ ऑक्टोबरला दिल्लीत दबंग दिल्लीकडून २८-३१ अशी हरली.

गुडघा आणि घोटा हे चढाईपटूचं भांडवल. व्यावसायिक संघातल्या खेळाडूमागे डॉक्टर आणि फिजिओ असतात, म्हणून तो परत उभा राहू शकतो. तीच दुखापत जिल्हा पातळीवरच्या अठरा वर्षांच्या मुलाला झाली, तर एमआरआयचा खर्च कोण करणार इथपासून सुरुवात होते. शस्त्रक्रिया लांबते, मुलगा तेल लावून, पट्टी बांधून खेळत राहतो आणि एक दिवस खेळणं बंद होतं. गळतीचं हे कारण कोणत्याही निकालपत्रकात दिसत नाही.

आणि मुलींचं काय?

जिल्ह्यात मुलीही जोरात कबड्डी खेळतात, पण त्यांच्यासाठी ही शिडी अर्ध्यावर संपते. २०१६ मध्ये प्रो कबड्डीसोबत तीन संघांची महिलांची छोटी स्पर्धा झाली होती, ती पुढे चालू राहिली नाही. हांगझोऊत भारताच्या महिलांनी चायनीज तैपेईला २६-२५ असं हरवून सुवर्ण जिंकलं आणि भारताचं त्या स्पर्धेतलं १०० वं पदक तेच होतं. तरीही मुलीसमोर आज खरं ध्येय उरतं ते नोकरीचंच. शाळा, राज्य, राष्ट्रीय, मग पोलिस किंवा रेल्वे. मधल्या वर्षांचा खर्च मात्र मुलांइतकाच.

मुलगा किंवा मुलगी चांगली खेळते, तर घरच्यांनी काय करावं?

- शाळेसोबत नोंदणीकृत मंडळाकडूनही खेळू द्या. जिल्हा निवड चाचणीच्या तारखा मंडळ किंवा जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाकडून कळतात.
- प्रत्येक स्पर्धेचं प्रमाणपत्र जपून ठेवा. पुढे वाढीव गुण किंवा आरक्षणासाठी पडताळणी होते, तेव्हा मूळ कागद लागतो.
- जन्मतारखेत फेरफार करू नका. वयोगटाची पडताळणी वरच्या पातळीवर होतेच आणि तिथे सगळं करिअर अडकतं.
- गटात बसवण्यासाठी वाढत्या वयाच्या मुलाला उपाशी ठेवून वजन उतरवू नका.
- आठवड्यातून काही दिवस तरी मॅटवर सराव मिळेल असं ठिकाण शोधा.
- निवड करून देतो म्हणून कुणी पैसे मागत असेल, तर तिथेच थांबा. संघ खेळाडूला पैसे देतो, खेळाडू संघाला नाही.
- शिक्षण सोडू नका. खेळाडू कोट्यातल्या नोकरीलाही शैक्षणिक पात्रता लागते.

थोडक्यात काय?

अमेरिकेतल्या क्वार्टरबॅकची शाळा संपते तेव्हा पुढच्या चार वर्षांची सोय झालेली असते. झहीरच्या वेळी ती सोय माणसांमुळे झाली : वडील, एक प्रशिक्षक, एक अकादमी. अस्लमच्या वेळी तिचा काही भाग लीगनं उचलला. पण बारा संघ मिळून हंगामाला काही मोजकीच नवी मुलं घेतात. बाकीच्यांची सतरा ते बावीस ही वर्षं आजही घरच्या मजुरीवर, मंडळाच्या वर्गणीवर आणि एखाद्या क्रीडाशिक्षकाच्या पदरमोडीवरच चालतात. पुढचा चढाईपटू टाकळीभानमधून येईल, पाथर्डीतून येईल की अकोल्याच्या आदिवासी पाड्यातून, हे त्याच्या पायातल्या चपळाईइतकंच ही पाच वर्षं कोण सांभाळतं यावर ठरणार आहे. तालुक्याला एक मॅट, खुराकाचा खर्च आणि दुखापतीचा विमा एवढ्या तीन गोष्टी जिल्ह्यानं पुरवल्या, तरी आज विसाव्या वर्षाआधी थांबणारी कितीतरी मुलं आणखी काही वर्षं मैदानात दिसतील.